मरडूच्या इमारती: परवाना होता, तरीही पाडल्या

११ आणि १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत केरळमधल्या कोचीजवळच्या मरडू इथे बॅकवॉटरच्या काठावरचे चार गृहप्रकल्प स्फोटकं लावून जमीनदोस्त केले गेले. होली फेथ एचटूओ, आल्फा सेरिन, जैन कोरल कोव्ह आणि गोल्डन कायलोरम. सगळ्यांत उंच इमारत १९ मजल्यांची, आणि चारही प्रकल्प मिळून सुमारे साडेतीनशे फ्लॅट. बांधकामाला ग्रामपंचायतीचा परवाना होता. फ्लॅटधारकांकडे नोंदणीकृत खरेदीखतं होती, घरपट्टीच्या पावत्या होत्या, वीज-पाण्याची जोडणी रीतसर होती, बँकांनी गृहकर्जं दिलेली होती. एवढ्या सगळ्या गठ्ठ्यात एक कागद नव्हता: राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती.

कोकणात खाडीकाठी किंवा समुद्राजवळ जागा घेणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं, ‘सातबारा स्वच्छ आहे, एनए झालंय, पंचायतीची परवानगी आहे, आता काय राहिलं?’ काय राहिलं याचं सविस्तर उत्तर मरडूच्या प्रकरणात आहे, म्हणून ते मुळापासून समजून घ्यायला हवं. पाडकामाचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. त्याआधीची तेरा वर्षं फार थोड्यांना माहीत आहेत, आणि खरं शिकण्यासारखं त्यातच आहे.

नियम काय होता

किनाऱ्याच्या संरक्षणाची गोष्ट १९८१ पासून सुरू होते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी त्या वर्षी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवायला सांगितलं. पुढे १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याच्या आधारे १९ फेब्रुवारी १९९१ रोजी पहिली सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) अधिसूचना निघाली. तिने किनाऱ्याचे चार वर्ग केले. सीआरझेड-१ म्हणजे कांदळवन, प्रवाळ यांसारखी नाजूक क्षेत्रं आणि भरती-ओहोटीच्या मधला पट्टा. सीआरझेड-२ म्हणजे आधीच बांधकाम झालेला शहरी भाग. सीआरझेड-३ म्हणजे तुलनेने मोकळा, मुख्यतः ग्रामीण भाग. चौथा वर्ग तेव्हा अंदमान-निकोबार, लक्षद्वीप आणि लहान बेटांसाठी होता.

१९९१ च्या या नियमात सीआरझेड-३ मध्ये समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती चालेल, नवं घर नाही. २०० ते ५०० मीटरमध्ये घर बांधता येत होतं, पण उंची ९ मीटरच्या आत आणि तळमजला अधिक एक मजला इतकंच.

खाडी, नदीचं मुख, बॅकवॉटर यांचं मोजमाप वेगळं आहे आणि इथेच लोक हमखास चुकतात. भरतीचं पाणी जिथपर्यंत आत शिरतं, तिथपर्यंत नियमही आत शिरतो. हे ‘जिथपर्यंत’ पाण्याच्या खारेपणावरून ठरवतात: वर्षातल्या सर्वांत कोरड्या काळात क्षाराचं प्रमाण हजार भागांत ५ भाग किंवा त्याहून जास्त असेल, तर ते पाणी भरतीच्या प्रभावातलं धरलं जातं. समुद्र नजरेलाही पडत नाही अशा गावातली शेतजमीन त्यामुळे सीआरझेडमध्ये येऊ शकते. काठापासून अंतर किती, याला १९९१ च्या अधिसूचनेत १०० मीटर किंवा त्या पाण्याची रुंदी, यांपैकी जे कमी ते, असा हिशेब होता. खाडी ६० मीटर रुंद असेल तर ६० मीटर सोडा, ४०० मीटर रुंद असेल तर १०० मीटर. हे अंतर मोजायला सुरुवात कुठून करायची? उधाणाच्या भरतीचं पाणी जमिनीवर जिथवर चढतं, ती भरतीरेषा. ओहोटीच्या वेळी जागा बघायला गेलेल्या माणसाला पाणी लांब दिसतं, आणि दलालही नेमका त्याच वेळी जागा दाखवतो. अमावास्या-पौर्णिमेला तीच जागा पाहिली तर हिशेब पार बदलतो.

केरळचा किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा १९९६ मध्ये मंजूर झाला. मरडू तेव्हा ग्रामपंचायत होती आणि तिचा संबंधित भाग त्या आराखड्यात सीआरझेड-३ म्हणून दाखवलेला होता.

२००६: परवाना निघाला

मरडू ग्रामपंचायतीने २००६ मध्ये या प्रकल्पांना बांधकाम परवाने दिले. प्रस्ताव किनारा प्राधिकरणाकडे पाठवलाच नव्हता. सीआरझेडमध्ये येणाऱ्या बांधकामाचे अर्ज तिकडे पाठवणं पंचायतीला बंधनकारक होतं.

चूक फार काळ लपली नाही, हे या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं. २००७ मध्येच राज्याच्या दक्षता पाहणीत परवान्यांमधल्या अनियमितता निघाल्या आणि पंचायतीने बिल्डरांना कारणे दाखवा नोटिसा दिल्या. त्या वेळी टॉवर उभे राहायचे होते, फ्लॅटमध्ये माणसं राहायला यायची होती. तिथे काम थांबलं असतं तर नुकसान झालं असतं ते फक्त बिल्डरांचं, आणि तेही थोडकं.

बिल्डर केरळ उच्च न्यायालयात गेले. नोटिसांना स्थगिती मिळाली आणि अंतरिम आदेशाच्या आधारे बांधकाम चालू राहिलं. २०१२ मध्ये एकल पीठाने बिल्डरांच्या बाजूने निकाल दिला. स्थानिक संस्थेने नियम पाळले नाहीत म्हणून परवानाधारकाला दोषी धरता येणार नाही, असा त्याचा रोख होता. मरडू एव्हाना नगरपालिका झाली होती. तिचं अपील २०१५ मध्ये खंडपीठाने फेटाळलं. मग किनारा प्राधिकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं.

२००७ ते २०१५ या आठ वर्षांत फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले. विकत घेणाऱ्यांत आखातात आयुष्य काढून परतलेले होते, निवृत्त माणसं होती, मुलांच्या शिक्षणासाठी कोचीत स्थिरावू पाहणारी कुटुंबं होती. ‘कोर्टाचा स्टे आहे, निकाल आपल्या बाजूने लागलाय’ हे ऐकून कुणाचंही समाधान व्हावं. पण स्थगितीचा अर्थ तेवढाच असतो की तूर्त कारवाई नको. बांधकाम कायदेशीर आहे असं प्रमाणपत्र त्यात नसतं. आणि खालच्या न्यायालयात जिंकलेल्या निकालावर वर अपील बाकी असेल, तर घेणाऱ्याच्या डोक्यावर टांगती तलवार राहतेच. मालमत्तेचा टायटल सर्च करणारे वकील मालकीहक्काची साखळी तीस वर्षं मागे जाऊन तपासतात. किनाऱ्यालगतच्या मालमत्तेसाठी त्याच वकिलाला उच्च न्यायालयातल्या आणि हरित न्यायाधिकरणातल्या प्रलंबित प्रकरणांचाही शोध घ्यायला सांगितलं पाहिजे. तो शोध टायटल सर्चमध्ये आपोआप येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने काय ठरवलं

न्यायालयाने आधी तीन सदस्यांची समिती नेमली. तिने एकच प्रश्न तपासायचा होता: या जागा कोणत्या वर्गात येतात? समितीचा निष्कर्ष असा की परवाने दिले तेव्हा १९९६ चा आराखडा लागू होता आणि त्यात हा भाग सीआरझेड-३ होता. ८ मे २०१९ रोजी न्या. अरुण मिश्रा आणि न्या. नवीन सिन्हा यांच्या पीठाने एका महिन्यात इमारती पाडण्याचा आदेश दिला. अनिर्बंध बांधकामांमुळे येणाऱ्या पुरांचा उल्लेखही निकालात आहे. २०१८ च्या केरळातल्या महापुराला तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

बिल्डरांचा सर्वांत जोरदार मुद्दा वर्ग बदलाचा होता. मरडू आता नगरपालिका आहे, भोवती शहर वाढलंय, २०११ च्या अधिसूचनेनुसार केलेल्या नव्या आराखड्यात हा भाग सीआरझेड-२ मध्ये येतो, आणि सीआरझेड-२ मध्ये अटींसह इमारत बांधता येते. थोडक्यात, आज अर्ज केला असता तर परवानगी मिळाली असती, मग पाडता कशाला?

न्यायालयाने हे मानलं नाही. परवाना ज्या दिवशी दिला त्या दिवशी अंमलात असलेला आराखडाच बघायचा, अशी भूमिका घेतली. मला हा निकालाचा कणा वाटतो आणि तो योग्यही वाटतो. पुढे नियम सैल होतील या आशेवर आधी बांधून घेण्याची मुभा दिली, तर नियम पाळून गप्प बसलेला शेजारी मूर्ख ठरतो. सीआरझेडच्या अधिसूचना १९९१, २०११, २०१९ अशा तीनदा आल्या आणि मधल्या काळात त्यांत कितीतरी दुरुस्त्या झाल्या. प्रत्येक सैल नियम मागच्या तारखेपासून लागू धरला, तर कोणतीच मर्यादा कधी खरी राहणार नाही.

दुसरी आशा दंडाची होती, आणि तिला आधार नव्हता असं नाही. कोचीतच चिलवन्नूर इथे काठावर उभ्या राहिलेल्या डीएलएफच्या प्रकल्पाबाबत उच्च न्यायालयाने पाडण्याचा आदेश फिरवून १ कोटी रुपये दंड ठोठावला होता आणि जानेवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. त्याच परिसरात, दीड वर्षाच्या आत दोन निकाल: एकीकडे दंड, दुसरीकडे स्फोटकं. मरडूच्या रहिवाशांना हा भेदभाव वाटला, आणि त्यांच्या जागी कुणालाही वाटला असता. दोन प्रकरणांची तथ्यं वेगळी आहेत हे खरं. तरी ‘काही झालं तर दंड भरून मोकळे होऊ’ असा सल्ला आजही सर्रास दिला जातो, आणि तो देणाऱ्यासमोर ही दोन्ही प्रकरणं शेजारी शेजारी ठेवावीत. त्यातलं कोणतं आपल्या वाट्याला येईल हे आधी कुणीही सांगू शकत नाही.

सप्टेंबर ते जानेवारी

फेरविचार याचिका जुलै २०१९ मध्ये फेटाळल्या गेल्या. सरकारने तरीही हात आखडता घेतला, तेव्हा न्यायालयाने सप्टेंबरमध्ये मुख्य सचिवांनाच समोर बोलावलं. रहिवाशांचं म्हणणं होतं की समितीने आपल्याला विचारलंही नाही. बिल्डर, नगरपालिका, प्राधिकरण यांच्यातल्या खटल्यात ज्याचं घर जाणार तो पक्षकारच नव्हता. ही तक्रार मला आजही बिनतोड वाटते. ऐन ओणममध्ये ही कुटुंबं उपोषणाला बसली होती. सप्टेंबरच्या अखेरीस वीज-पाणी तोडलं गेलं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या दिवसांत सामान लिफ्टमधून उतरू लागलं.

पाडकामाचं काम मुंबईची एक कंपनी तिच्या दक्षिण आफ्रिकी सहकाऱ्यांसह आणि चेन्नईची एक कंपनी यांना मिळालं. दारं-खिडक्या, फरशा, वायरिंग काढून इमारतींचे सांगाडे उरवले गेले. खांबांना भोकं पाडून त्यांत स्फोटकं भरली आणि तुकडे उडू नयेत म्हणून खांबांभोवती जाळी आणि जाड कापड गुंडाळलं. आसपासचं २०० मीटरचं क्षेत्र रिकामं केलं. शेजारून इंधनाची वाहिनी जात होती, तिच्यासाठी वेगळी काळजी घ्यावी लागली. भोंगे झाले आणि प्रत्येक इमारत काही सेकंदांत बसली. चारही प्रकल्पांचा मलबा मिळून ७५ हजार टनांच्या आसपास होता. आल्फा सेरिनचा काही भाग तर बॅकवॉटरमध्येच पडला. ज्या पाण्याला जपण्यासाठी नियम होता, त्याच पाण्याला धूळ, सिमेंट आणि लोखंड पचवावं लागलं. म्हणून पाडणं हा पर्यावरणाचा विजय मानायला मी तयार नाही. २००७ च्या नोटिशीवर काम थांबलं असतं तर तो मानता आला असता.

भरपाईतला एक धडा

२७ सप्टेंबर २०१९ च्या आदेशात न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटधारकाला २५ लाख रुपये अंतरिम भरपाई राज्य सरकारने द्यावी आणि ती बिल्डरांकडून वसूल करावी असं सांगितलं. बिल्डरांची मालमत्ता गोठवली. एकूण भरपाई ठरवायला निवृत्त न्या. के. बालकृष्णन नायर यांची समिती नेमली.

समितीने रक्कम ठरवताना खरेदीखतातली किंमत बघितली, आणि तिथे अनेकांच्या पायाखालची जमीन सरकली. मुद्रांक शुल्क वाचवण्यासाठी खतात किंमत कमी दाखवण्याचा प्रकार आपल्याकडे काही नवा नाही. ज्यांच्या खतात कमी आकडा होता त्यांच्या नावापुढे २५ लाखांहून बरीच कमी रक्कम आली. शेवटी ऑक्टोबरमध्ये न्यायालयाने खतातला आकडा काहीही असला तरी सर्वांना अंतरिम २५ लाख द्या असं स्पष्ट केलं, म्हणून तेवढं तरी पदरात पडलं. त्यापुढच्या रकमेसाठी मात्र कागदावर आहे तेवढंच सिद्ध करता येतं. रोखीत दिलेल्या पैशांचा पुरावा नसतो आणि तो मागायला तोंडही नसतं.

दोष कुणाचा, यासाठी पुढे निवृत्त मुख्य न्यायमूर्ती टी. बी. राधाकृष्णन यांची एकसदस्यीय समिती बसली. पंचायतीचे माजी अधिकारी आणि बिल्डर यांना पोलिसांनी त्याआधीच, २०१९ मध्ये, अटकही केली होती. फ्लॅटधारकाला यातून घर परत मिळालं नाही.

आता कोकणातल्या एका प्लॉटसाठी

१८ जानेवारी २०१९ ची अधिसूचना आली तेव्हा बरेच नियम सैल झाले. सीआरझेड-३ चे दोन भाग झाले. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त असेल तर तो ३-अ, आणि तिथे समुद्राकडून ना-विकास क्षेत्र ५० मीटर. बाकी सगळं ३-ब, तिथे जुनाच २०० मीटरचा नियम. कोकणातली बहुतेक गावं इतकी दाट नाहीत, त्यामुळे ‘आता ५० मीटरच सोडायचे’ हे ऐकीव वाक्य समुद्रकाठच्या गावात बहुतेक वेळा चुकीचं ठरतं. खाडीकाठी मात्र १०० चे ५० मीटर झाले, किंवा खाडीची रुंदी कमी असेल तर तेवढं. (हेच केंद्राने १९९४ मध्ये करून पाहिलं होतं. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली होती.) कांदळवनाचं क्षेत्र १००० चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याभोवती ५० मीटरचा पट्टा वेगळा राखावा लागतो. अनेक प्लॉट भरतीरेषेच्या अंतराच्या अटीतून सुटतात, पण कांदळवनाच्या पट्ट्यात अडकतात. विकणारा हे सांगत नाही. कधी कधी तर प्लॉट ‘मोकळा’ दिसावा म्हणून कांदळ आधीच तोडलेलं असतं. जुनी उपग्रह चित्रं पाहिली की ते लगेच कळतं, आणि सरकारी यंत्रणाही तीच चित्रं पाहते.

जागा बघताना पहिलं काम आराखड्याच्या नकाशाचं. मंजूर आराखड्याचे गावपातळीचे नकाशे १:४००० या प्रमाणात असतात आणि त्यांवर सर्व्हे नंबरच्या हद्दी, भरतीरेषा आणि सीआरझेडची रेषा दाखवलेली असते. आपला गट नंबर त्यावर शोधायचा. तो रेषेच्या जवळपास किंवा रेषेवर असेल तर अंदाजाने मोजणं धोक्याचं आहे. केंद्राने मान्यता दिलेल्या संस्थेकडून, जसं चेन्नईचं अण्णा विद्यापीठ, भरतीरेषा आणि सीआरझेडची रेषा आपल्या मोजणी नकाशावर उतरवून घ्यावी लागते. स्थानिक सर्व्हेअरने टेप लावून काढलेलं अंतर प्राधिकरणापुढे चालत नाही. या कामाला पैसे आणि महिने लागतात, म्हणून ते इसार देण्याआधी करायचं, किंवा निदान साठेखतात ‘सीआरझेड मंजुरी न मिळाल्यास रक्कम परत’ असं कलम घालून घ्यायचं.

बिनशेती (एनए) आदेशाबद्दल गैरसमज फार आहे. जमिनीचा वापर बदलायला महसूल खात्याची हरकत नाही, इतकाच त्याचा अर्थ. त्याच आदेशातल्या अटी वाचल्या तर ‘इतर कायद्यांखालच्या परवानग्या घेणं अर्जदाराची जबाबदारी’ अशा अर्थाची ओळ बहुधा सापडते.

मोठा प्रकल्प असेल तर प्रस्ताव महाराष्ट्र सागरी किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. स्वतः राहण्यासाठीच्या ३०० चौरस मीटरपर्यंतच्या घराला २०१९ च्या अधिसूचनेने सूट दिली आहे: प्राधिकरणाच्या शिफारशीची गरज नाही, स्थानिक संस्थेने सीआरझेडचे नियम तपासून परवानगी द्यायची. छोट्या माणसाची वणवण यामुळे वाचते आणि ते चांगलंच आहे. पण तपासण्याची सगळी भिस्त पुन्हा त्याच पातळीवर आली, जिथे मरडूमध्ये ती तपासणी झालीच नव्हती. म्हणून अशा घराचा अर्ज करताना आराखड्याच्या नकाशाचा उतारा आणि भरतीरेषेपासूनचं मोजलेलं अंतर स्वतःहून जोडावं. हातात येणाऱ्या परवानगीत जागेचा सीआरझेड वर्ग, ते अंतर, कोणत्या अधिसूचनेखाली आणि कोणत्या कलमाने मंजुरी दिली, हे लिहिलेलं आहे का ते पाहावं. नुसतं ‘अटी-शर्तींच्या अधीन राहून मंजूर’ असेल, तर जोत्याची आखणी करण्याआधी तो कागद दुरुस्तीसाठी परत द्यावा.